मी शेवटच्या विहिरीवरचा कंडेन्सर

मी कंडेन्सर बोलतोय. हसू नका. मोटार बोलली असती तर तुम्ही कान टवकारून ऐकलं असतं, कारण ती गरगर फिरते, घुमते, विहिरीतून पाणी वर फेकते. माझ्यात फिरणारं काही नाही. दिवा नाही, बटण नाही, आवाज नाही. करड्या रंगाचा पत्र्याचा डबा, डोक्यावर तीन टर्मिनल आणि पोटात गुंडाळी, एवढाच मी. म्हणून उभ्या शिवाराने मला वाटेल ती नावं ठेवली. डबा म्हणाले, ठोकळा म्हणाले, घरजावई म्हणाले. घरजावयाला निदान दोन वेळा जेवायला तरी मिळतं!

आज मात्र माझी बाजू मी मांडणार आहे. कुणाला पटो वा न पटो.

माझा जन्म सातपूरचा, साल चौऱ्याण्णव. औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात यंत्रावर बसून बायका गुंडाळ्या करायच्या. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ अशी धातूचा मुलामा दिलेली प्लास्टिकची फीत, तिचे वेढ्यावर वेढे घेऊन माझं पोट तयार झालं. मग मला डब्यात बसवलं, झाकण डाखलं आणि पुढे जेवढी वीज मला सोसायची होती तिच्या दुप्पट दाबाची वीज सोडून माझी परीक्षा घेतली. मी तसूभरही डगमगलो नाही. तुमच्यातल्या किती जणांची अशी परीक्षा झाली आहे, ते सांगा.

आता माझं काम काय, ते एकदाच सांगतो. मोटारीला पाणी उपसायला वीज लागते, हे शेंबडं पोरही सांगेल. पण मोटार फिरायची तर आधी तिच्या पोटातल्या लोखंडात चुंबक जागं करावं लागतं, आणि त्यासाठीही ती वीज मागते. ही दुसरी वीज खर्च होत नाही. मोटार ती घेते, लगेच परत करते, पुन्हा घेते, पुन्हा परत करते. ही देवघेव अखंड चालते आणि तिच्यासाठी तार फुकट अडून राहते. तारेतून जेवढी वीज ये-जा करते त्यातली खऱ्या कामाची किती, या प्रमाणाला शिकलेली माणसं पॉवर फॅक्टर म्हणतात. मी मोटारीच्या शेजारी बसतो आणि ती देवघेव माझ्याशी करू देतो. मग ती वीज दूरवरून ओढून आणावी लागत नाही. मी पाणी उपसत नाही, कबूल. पण ज्या तारेतून पाणी उपसायची वीज येते, तिची वाट मी मोकळी करतो. याला बिनकामाचा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

मला विकत आणलं पुंजाने. मखमलाबादच्या पुढे, जिथे नाशिक संपून मळे सुरू होतात, तिथे त्याची विहीर. तो मनमाडला रेल्वेच्या कारखान्यात नोकरीला, पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा. मळा बघायची त्याची बायको, गोजराबाई. झेंडू, शेवंती आणि बांधाकडेला थोडी भाजी. पहाटे तोड, सकाळी टेम्पोतून फूलबाजार, दुपारी पुन्हा शेतात. बाई अंगाने काटकुळी आणि जिभेने तिखट. मला भिंतीवर ठोकताना ती म्हणाली होती, "एवढासा हाय, पन वजनाला भारी हाय मेला." माझ्याबद्दल शिवारात बोललं गेलेलं ते पहिलं बरं वाक्य, म्हणून ध्यानात राहिलं.

पुंजाने मला आणलं ते काही प्रेमाने नव्हे. नवं कनेक्शन हवं तर मोटारीला कंडेन्सर लावलेला दाखवा, अशी वीज मंडळाची अट होती. साहेब आले, भिंतीवर मला पाहिलं, मान डोलावली आणि गेले. दुसऱ्याच दिवशी कुंदन आला.

कुंदन म्हणजे शिवारातल्या मोटारींचा डॉक्टर. नाशकात द्वारका चौकात त्याचं रिवायंडिंगचं दुकान. जळालेली मोटार त्याच्याकडे जायची आणि नवी तार गुंडाळून परत यायची. माणूस वाईट नव्हता, पण अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला.

"मावशी, बिल तुमचं हॉर्सपॉवरवर येतं ना? मीटर हाय का? नाय. मग हा डबा जोडला काय नि सोडला काय, सारखंच."

"मग लावायला कशाला लावला?" गोजराबाईने विचारलं.

"साहेबाला दाखवायला. राहू द्या भिंतीवर, शोभेला. वायरी तेवढ्या तोडतो. चिमाजीभाऊंच्या पन तोडल्या, सगळ्यांच्याच तोडू राहिलो."

मेन स्विच बंद करून त्याने बेधडक माझ्या टर्मिनलला हात घातला. आता बाहेरची वीज बंद झाली तरी माझ्या पोटात ती थोडा वेळ शिल्लक असते. मिनिटभर दम धरावा लागतो. त्याने धरला नाही. मी असा चावलो की गडी दोन पावलं मागे जाऊन मोटारीवर आदळला.

"आयला! लाईट बंद हाय तरी चावतो हा!"

त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. न विचारता कुणाच्या अंगाला हात लावला की असंच व्हायचं.

पण शेवटी वायरी तोडल्याच. आणि मी एकटा नव्हे, त्याच तारेवरच्या विहिरींच्या सगळ्या ओळीतले माझे भाऊबंद तसेच लटकले. डबे भिंतीवर आणि वायरी हवेत. तपासणीला कुणी येणार अशी कुणकुण लागली की वायरी पुन्हा जोडायच्या आणि गाडी वळणावर दिसेनाशी झाली की पुन्हा तोडायच्या, अशी शिवाराची रीतच पडली. माझ्या डोक्यावर गोजराबाई काडेपेटी ठेवायची, कधी सुतळीचा गुंडा, कधी चहाचा रिकामा पेला. मला तो अपमानही चालला असता. न चालणारी गोष्ट वेगळीच. खंडेनवमीला मोटार धुवायची, विळा-खुरपं मांडायचं, सगळ्या हत्यारांना हळदकुंकू वाहायचं, आणि त्यांच्याबरोबर मलाही एक बोट लावायचं. ज्याला वर्षभर काम करू दिलं नाही त्याची पूजा कसली करता? दर वर्षी माझ्या कपाळीचं ते कुंकू मला झोंबायचं.

वर्षं गेली. शिवारात बागायत वाढली, विहिरी वाढल्या, मोटारी वाढल्या. डीपी मात्र तोच. डीपी म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, सगळ्या मोटारींची वीज त्याच्यातून निघते. डीपीला सर्वात जवळ चिमाजीची द्राक्षबाग. चिमाजी हा पुंजाचा चुलतभाऊ, वयाने धाकटा पण ऐपतीने थोरला. त्याच्या तीन मोटारी. त्याच्यापुढून तार एकेक विहीर घेत यायची आणि सर्वात शेवटी आमच्याकडे पोचायची. आमच्यापुढे खांबच नव्हता. म्हणजे प्रत्येक मोटारीच्या त्या फुकटच्या ये-जा करणाऱ्या विजेने तार आधीच भरलेली, आणि त्यातून उरेल ते आमच्या वाट्याला. व्होल्टेज इतकं पडायचं की आमची मोटार नुसती हुंकारायची, फिरायची नाही. फिरलीच तर गाढवासारखं ओझं ओढत फिरायची, तापायची आणि एखाद्या दुपारी जळका वास सोडून गप्प व्हायची.

मग कुंदन यायचा आणि मोटार खोलून म्हणायचा, "कंडेन्सर फॉल्टी असंल, मावशी. त्याच्यामुळंच जळाली." वायरी तोडलेल्या डब्यामुळे मोटार जळाली! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी भिंतीवरून त्याच्याकडे बघत राहायचो. तोंड असतं तर थुंकलो असतो.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट सांगतो. त्या वर्षी पावसाने भाद्रपदातच पाठ फिरवली. विहिरीला पाणी होतं, पण वर येत नव्हतं. दसऱ्याचा झेंडू म्हणजे गोजराबाईचं वर्ष. झाडं कमरेएवढी झालेली, कळ्यांनी लगडलेली, आणि घट बसायच्या तोंडावर मोटार जळाली. त्या वर्षातली ती दुसरी खेप. ती नवी तार भरून आणली तोवर चार दिवस गेले आणि पानं मान टाकायला लागली.

पुंजा रजा काढून आला. मोटारीच्या खोलीत, माझ्यासमोरच बोलणं झालं.

"गोजरे, बास झालं आता. चिमाजी मळा खंडाने मागतोय. त्याच्या मोटारी जोरात पळतात, पाइप टाकून पानी इथवर आनंल. तू चल मनमाडला. क्वार्टर रिकामंच पडलंय."

"तिथं मी काय करू? भिंतीकडं बघत बसू?"

"इथं तरी काय करू राहिली? मोटारीकडंच बघत बसती ना?"

गोजराबाईने पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "दसऱ्यापत्तर थांबा. ही मोटार पुन्हा जळाली, माझा झेंडू गेला, तर मी स्वतः चिमाजीभावजींच्या हातात मळा देईन. पन दसऱ्यापत्तर कुनी बोलायचं नाय."

पुंजा कबूल झाला आणि मनमाडला परत गेला. तो दुष्ट नव्हता. बायकोची ओढाताण त्याला बघवत नव्हती. पण ज्या बाईने तीस वर्षं फुलं काढली तिला क्वार्टरात बसवणं म्हणजे काय, हे त्याला कळत नव्हतं. ते मला कळत होतं. मी नऊ वर्षं बसूनच होतो.

घट बसले त्याच दिवशी गोजराबाई वीज ऑफिसात गेली. पाटी भरून सुकलेल्या कळ्या नेल्या आणि तिथल्या टेबलावर उपड्या केल्या. "ह्याची माळ करून तुमच्या घटाला घाला," म्हणाली. शिपाई धावून आला, पण आतून एक तरुण बाई उठून आल्या. नव्याने बदलून आलेल्या इंजिनिअर, आशा मॅडम. त्यांनी कळ्या हातात घेऊन पाहिल्या आणि विचारलं, "मावशी, डीपीपासून कितवी विहीर तुमची?"

"शेवटची."

"उद्या येते."

आणि खरंच आल्या. दुसऱ्या माळेचा दिवस होता. आल्या आल्या त्यांची नजर माझ्यावर गेली. काडेपेटी बाजूला केली, तुटक्या वायरी हातात धरल्या आणि कपाळाला हात लावला. मग आधी स्विच बंद करून, दम धरून, नीट पद्धतीने मला जोडलं. तपासणीचा घटकाभर सोडला तर नऊ वर्षांनी माझ्या पोटात वीज आली! तुम्हाला काय सांगू. जन्मठेपेतून सुटलेल्या माणसाला विचारा.

मॅडमनी चिमट्यासारखं मीटर तारेभोवती अडकवून गोजराबाईला दाखवलं. "हे बघा, कंडेन्सर काढला की नऊ अँपिअर. जोडला की सात. पाणी तेवढंच, मोटार तीच, पण तारेतून विजेचं ओझं कमी आलं."

"मग आधी ते दोन जास्तीचे कशापायी येत होते?"

मॅडमनी चुंबकाचं सांगितलं, घेण्याचं आणि परत करण्याचं सांगितलं. गोजराबाई डोळे बारीक करून ऐकत होती. एकदम म्हणाली, "म्हंजी रिकाम्या पाट्या!"

"कसल्या पाट्या?"

"अहो, टेम्पोत फुलांच्या भरल्या पाट्या जातात, आनि रिकाम्या पाट्या परत येतात. पाटीबिगर फुलं कशात भरनार? पाटी तर पाहिजेच. पन समजा कुनी येडं रोज रिकाम्या पाट्या पन बाजारातनं आनायला लागलं आनि सांच्याला परत पोचवायला लागलं, तर टेम्पो त्यानंच भरंल. भरल्या पाट्यांना जागा कुठं? त्यापरीस रिकाम्या पाट्या मळ्यातच ठेवायच्या. हा डबा म्हंजी मळ्यात ठेवलेल्या पाट्या."

मॅडम मोकळेपणाने हसल्या. "अगदी बरोबर. मी कॉलेजात चार वर्षं शिकले ते हेच." मग त्यांचा चेहरा गंभीर झाला. "पण मावशी, तुमच्या एकटीच्या पाट्या ठेवून भागणार नाही. तुमच्या आधीचे सगळे टेम्पोत रिकाम्या पाट्या भरतायत. सगळ्यांनी आपापले कंडेन्सर जोडले तर तुमच्यापर्यंत व्होल्टेज येईल."

"मग तुम्ही सांगा ना त्यांना!"

"सांगते, नोटीसही देते. पण आम्ही आलो की जोडतात आणि गेलो की तोडतात. कारण त्यांना तोटा होत नाही. तोटा शेवटच्याला होतो."

मॅडम गेल्या. गोजराबाईने मोटार पुन्हा सुरू केली. माझ्या जोडण्याने तिचा आवाज जरा सुधारला, पण पाणी पाइपाच्या तोंडाशी येऊन थबकत होतं, बोटाएवढ्या धारेने पडत होतं. मी जीव काढून काम करत होतो. एकट्याने किती करणार? त्या दिवशी गोजराबाई बराच वेळ पाइपाजवळ बसून होती.

तिसऱ्या माळेच्या सकाळी तिने जे केलं ते आजवर कुणी केलं नसेल. ओलाव्याच्या कडेला जी थोडी फुलं उमलली होती ती सगळी तोडली आणि हार ओवले. मग पाटी डोक्यावर घेऊन ती ओळीतल्या एकेका विहिरीवर गेली. मोटारीच्या खोल्यांच्या किल्ल्या सगळ्यांच्या सगळ्यांना ठाऊक, चौकटीवर नाहीतर विटेखाली. प्रत्येक खोलीत शिरून, तोडलेल्या वायरींच्या प्रत्येक डब्याला तिने हार घातला, खाली उदबत्ती लावली आणि हळदकुंकू न वाहता बाहेर पडली. मेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात अगदी तसा हार. चिमाजीच्या तीन मोटारी, तिथे तीन हार.

भर नवरात्रात! दुपारपर्यंत बायकांचा मोर्चाच आमच्या विहिरीवर आला. पुढे चिमाजीची बायको वत्सलाबाई, हातात तो हार लांब धरून, जणू साप धरला आहे.

"बाई, हे काय केलंत? घरात घट बसलेत, नि तुम्ही आमच्या खोलीत मयताचा हार घालून आलात? वर उदबत्ती? आमचे धनी चांगले हिंडतेफिरते हायेत!"

"तुझ्या धन्याला नाय घातला, वत्सला. डब्याला घातला. त्याच्या वायरी बघ, कवाच्या तोडल्यात. मेलाय तो. मेलेल्याला हार घालू नको तर काय करू?"

"अहो पन नवरात्रात असं अपशकुनी…"

"नवरात्रात मेलेलं घरात ठेवलं ते चालतं, आनि मी हार घातला ते चालत नाय? जिवंत करा त्याला. मग तुमच्या हातानं हळदकुंकू वाहा, मी पाया पडायला येईन."

एक म्हातारी मागून म्हणाली, "खरंच मेलेला असतो व्हय गं तो?" आणि बायकांत कुजबूज सुरू झाली. मोर्चा आला होता भांडायला, पण परत जाताना त्यांचं भांडण ज्याच्या त्याच्या घराकडे वळलेलं होतं. बाईने घरात घट बसवला असेल आणि तिच्या मनात पाल चुकचुकली असेल, तर घरधन्याची काय बिशाद? संध्याकाळच्या आत कुंदनला द्वारकेहून बोलावणं गेलं. दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या पेचकस घेऊन विहिरीविहिरीवर हिंडत होता, आणि ज्या वायरी त्यानेच तोडल्या होत्या त्याच जोडत होता. आमच्याकडे डोकावून म्हणाला, "मावशी, मोटारी जळायच्या थांबल्या तर मी काय भजी तळू का द्वारकेला?"

"तळ. मी गिऱ्हाईक आनते," गोजराबाई म्हणाली.

पण चिमाजीने कुंदनला बागेत पाऊल टाकू दिलं नाही. ओळीतल्या सर्वात मोठ्या मोटारी त्याच्या, त्याही अगदी तारेच्या तोंडाशी. ते तीन डबे बंद राहिले तर बाकीच्यांच्या जोडण्याने अर्धंच काम व्हायचं. त्या दिवशी आमच्या पाइपाची धार बोटाची मनगटाएवढी झाली होती, पण शेवटच्या सरीपर्यंत पाणी जात नव्हतं. दसरा जवळ आला होता.

चौथ्या माळेच्या दुपारी चिमाजी स्वतः आला. स्वच्छ पांढरे कपडे, कपाळाला आठ्या.

"वहिनी, हे बरं नाय केलं तुम्ही. शिवारात माझी शोभा केली."

"बसा भावजी. चहा ठेवते."

"चहा नको. मला सरळ सांगा. माझ्या मोटारींना व्होल्टेज भरपूर मिळतं. डबे जोडून मला काय मिळनार?"

"काही नाय."

चिमाजीला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. "काय म्हनालात?"

"तुम्हाला काही मिळनार नाय, भावजी. घटाच्या दिवसांत खोटं कशाला बोलू? तुमची मोटार आज बी पळती, उद्या बी पळंल. पानी मला मिळंल."

"आनि नाय जोडले तर?"

"तर माझी मोटार जळंल, झेंडू वाळंल, आनि दसऱ्याला हा मळा तुमच्याकडं येईल. मी शब्द दिलाय ह्यांना. तुमच्या दोन्ही हातांत लाडू हायेत." तिचा आवाज चढला नव्हता. "माझं म्हननं एवढंच. मळा पाहिजे तर माझ्या तोंडावर मागून घ्या. तार तोडून घेऊ नका."

चिमाजीचा चेहरा लाल झाला. नजर माझ्याकडे गेली, मग बाहेरच्या झेंडूकडे. तो तसाच वळला आणि बांधावरून निघून गेला. गोजराबाई दारात उभी राहिली. पदराने तोंड पुसलं आणि मला उद्देशूनच म्हणाली असेल, कारण खोलीत दुसरं कुणी नव्हतं, "झालं. घालवला मळा."

मला त्या क्षणी मोटारीसारखं ओरडता यायला हवं होतं.

पाचव्या माळेच्या सकाळी वीज आली. गोजराबाईने स्टार्टर दाबला. मोटार सुरू झाली, रोजच्यासारखी कण्हतच. मी माझं काम करत होतो. थोडा वेळ गेला आणि माझ्या टर्मिनलांवर काहीतरी बदललं. वीज चढली. जरा वेळाने पुन्हा चढली. आणि मग तिसऱ्यांदा. दूर, तारेच्या त्या टोकाला, कुणीतरी एकेक करून तीन डबे जोडत होतं. भिंतीवर बसल्याबसल्या मला ते तारेतून कळलं, गोजराबाईच्या आधी कळलं. मोटारीचं कण्हणं थांबलं, तिने सूर धरला, आणि पाइपातून पाणी असं उसळलं की गोजराबाईने पाणी वळवायला घाईघाईने मांडलेली फळी वाहून गेली. ती चिखलात उभी राहून हसत होती आणि रडत होती. मी हे सगळं दारातून पाहिलं आहे. मला कुणी बिनकामाचा म्हणू नका.

दुपारी वत्सलाबाई आल्या. म्हणाल्या, "रात्री नीट जेवले नाय. सकाळी उठले नि स्वतःच पेचकस घेऊन गेले. मला म्हनाले, कुंदनला बोलवू नको, मी जोडतो." चिमाजीने मात्र यावर गोजराबाईजवळ कधीच अवाक्षर काढलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुंजा मनमाडहून आला तो क्वार्टरची साफसफाई करूनच आला होता. बांधावर आला आणि थांबला. झेंडू असा फुलला होता की पाय ठेवायला जागा नव्हती. त्याने काही विचारायच्या आत गोजराबाईने त्याच्या हातात पाटी दिली. "तोडायला लागा. टेम्पो येईल आता." आणि तो रेल्वेतला कामगार बूट काढून सरीत उतरला. क्वार्टरचा विषय त्या दिवसानंतर त्या घरात निघाला नाही.

पुढे सगळं गुण्यागोविंदाने चाललं असं समजू नका. माणसाची जात आहे, दुखणं गेलं की औषध विसरते. दर वर्षी ओळीतला कुणीतरी वायर तोडतो, गोजराबाईला तारेच्या शेवटी ते कळतं, आणि तिचा तोंडाचा पट्टा सुरू झाला की वायर पुन्हा जोडली जाते. मोटार त्यानंतर एकदाच जळाली, तीही वीज पडून.

आता मी थकलो आहे. माझ्या पोटातली फीत जागोजागी जळून गेली आहे. विजेचा प्रत्येक दणका थोडी ताकद घेऊन जातो. डबा एका बाजूने फुगला आहे. परवा कुंदनने मीटर लावून पाहिलं आणि म्हणाला, "निम्मा बी नाय राहिला, मावशी. बदलावा लागंल." कुंदनच्या तोंडून कंडेन्सर बदलायची गोष्ट! नवा डबा आणून ठेवला आहे, उद्या लावतील. मला भंगारात देतील. मला त्याचं काही वाटत नाही. मला रिकामं बसवलं तेव्हा वाटलं होतं, तेवढं तर मुळीच नाही.

जाता जाता, ज्यांच्या विहिरी डीपीजवळ आहेत त्यांना एक सांगतो. उद्या माझ्या जागी येणाऱ्याची वायर तोडावीशी वाटली तर तोडा. बिलात फरक पडणार नाही, तुमच्या मोटारीच्या आवाजातही पडणार नाही. पण त्याआधी चपला घाला, बांध तुडवत तारेच्या शेवटच्या विहिरीपर्यंत चालत जा, तिथली मोटार कशी कण्हते ते ऐका, तिथल्या बाईच्या तोंडाकडे बघा. आणि तिच्यासमोर उभं राहून सांगा, की मी तोडतोय.